आबांची पाचवी बाटली

१

कपाटात तीन बाटल्या होत्या. असायला हव्या होत्या पाच.

मालकांनी एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या, मग हात आत घालून पार मागच्या फळीपर्यंत चाचपून पाहिलं. आम्ही पाहुणे त्यांच्या पाठीमागे माना उंच करून उभे होतो. माझा तो दिवसभरातला अकरावा ग्लास होता. घोट-घोटच ओततात ते, पण अकरा म्हणजे अकरा. त्यामुळे मला वाटलं, मोजण्यात माझीच गफलत होत असेल. मी एक डोळा मिटून पुन्हा मोजल्या. तरी तीनच.

"मावशी," मालक वळून म्हणाले, "आबांच्या दोन बाटल्या कुठे आहेत?"

काउंटरमागे ग्लास पुसत उभ्या असलेल्या मावशींचा हात थांबला. "दोन?" त्या म्हणाल्या. "दादा, एक वाढली, ती मी तेव्हाच सांगितली होती. दोन कशा?"

"वाढली ते मला ठाऊक आहे. कमी कशा झाल्या, ते विचारतोय."

"तेच तर. एक मी सांगितली. दुसरीचं मला काही ठाऊक नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही कळत नव्हतं. मी ग्लासातला उरलेला घोट संपवला. तेवढ्यानं काही उजेड पडला नाही.

आता आम्ही तिथे कसे, ते सांगते. आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुलानं ही सहल भेट दिली. दिवसभर गाडी, तीन वाइनरी, तिन्हीकडे चाखायचं आणि दिवेलागणीला घरी. मी जन्मभर शिवणकाम केलं. वाइनचा आणि माझा संबंध एवढाच, की लोकांच्या कपड्यांवरचे डाग माझ्याकडे यायचे. आमच्या ह्यांचं मात्र वेगळं. ह्यांनी आठवडाभर मोबाइलवर वाचून वाचून ज्ञान कमावलं होतं. सकाळपासून प्रत्येक काउंटरवर ग्लास गोल फिरवत, डोळे मिटून, "हिला अंग आहे," असं चालू होतं. मी म्हटलं, अंग तुम्हालाही आहे, जरा सरकून बसा.

सोबत वन्सं होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या थेंबालाही शिवत नाहीत. मग आल्या कशाला, तर आमच्या पर्स आणि स्वेटर सांभाळायला, असं त्या म्हणतात. खरं म्हणजे घरी एकट्या बसवत नाही त्यांना. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसल्या. माणसाचं तोंड त्या बघतच नाहीत, नुसतं ऐकतात. माझ्यासारख्या बडबडीला हे फार अवघड जातं.

या तिसऱ्या वाइनरीतली चाखणीची खोली लांबट होती. दगडी फरशी, लाकडी काउंटर, टोकाला चाखलेली वाइन थुंकायची पितळी बादली आणि कोपऱ्यात ते आबांचं कपाट, त्याच्यापुरती लाकडी फळ्यांची जमीन. आल्या आल्या आमच्या ह्यांनी फिरवाफिरवीत पहिलाच ग्लास खाली पाडला. खळकन आवाज झाला. मावशी चटकन पुढे आल्या. "वाढला हो ग्लास. पाय जपा."

मला वाटलं, वाढला म्हणजे माझ्यासाठी पुढचा ग्लास भरला. मी म्हटलं, "इतक्यात नको हो, हा संपू दे." मावशींनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि केरसुणी आणायला गेल्या. तो ग्लास काही आला नाही. मी बराच वेळ वाट पाहिली.

मग मालक आले, आणि त्यांच्यासोबत त्यांची सून. पाच महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, गोड पोरगी. तिचं सगळं शिक्षण परदेशात झालेलं, मराठी आईशी बोलण्यापुरतं. प्रत्येक वाक्य ती पायरी बघून उतरावं तसं बोलत होती. तिनं आम्हाला एकेक छापील कागद दिला, कोणती वाइन कशानंतर प्यायची त्याचा. खाली लिहिलं होतं: 'आमच्या आबांच्या हातच्या पहिल्या तोडणीच्या आता फक्त चार बाटल्या उरल्या आहेत.' त्यातल्या 'चार'वर काट मारून पेनानं 'पाच' केलं होतं.

मालक प्रत्येक पाहुण्याला त्या बाटल्यांचं बंद कपाट लांबून दाखवत. आबा म्हणजे त्यांचे वडील. पहिल्या वेली त्यांनी लावल्या, पहिली वाइन त्यांनी केली, बुचांवर लाख त्यांनी ओतली. घरात नातवंड येईल तेव्हाच एक उघडायची, असं सांगून आबा गेले. सूनबाईंनी नुकतीच गोड बातमी दिली होती. म्हणून आज मालकांचा ऊर जरा जास्तच भरून आला होता. मावशींकडून किल्ली घेऊन त्यांनी कपाट उघडलं, ते या आनंदात.

आणि निघाल्या तीन.

२

कपाटाला किल्ली एकच, आणि ती बावीस वर्षं मावशींच्या गळ्यातल्या दोऱ्याला. संशय दुसरीकडे जायला वाटच नव्हती.

"मुळात होत्या किती, सांगा मला," मालक म्हणाले.

"मोजणं माझं काम नाही," मावशी म्हणाल्या. "आबांनी सांगितलं, पुसत जा. मी पुसते."

"आणि पुसता पुसता दोन गेल्या."

मावशी काही बोलल्या नाहीत. आपल्याकडे उत्तर नाही म्हणून गप्प बसणारं माणूस निराळं, आणि हा प्रश्न आपल्याला विचारलाच कसा म्हणून गप्प बसणारं निराळं. माझ्या दुकानात दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं येत. मावशी दुसऱ्या प्रकारातल्या होत्या. पण बोलून उपयोग काय, मला कोण विचारतंय.

"पोलिसांना बोलवत नाही," मालक म्हणाले. "आबांनी तुम्हाला ठेवलं होतं, म्हणून बोलवत नाही. पण आज खोली बंद झाली की तुम्ही निघा. मागची तुमची राहायची खोलीही रिकामी करा."

मावशींनी गळ्यातून दोरा काढला. किल्ली काउंटरवर ठेवली, आवाज न करता.

"जाते मी, मालक," त्या म्हणाल्या.

मघापर्यंत दादा म्हणत होत्या. मागच्या दारानं त्या निघून गेल्या, तशी वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलंस? 'जाते' म्हणाली."

"हाकलल्यावर जाणारच ना, वन्सं."

"जाते असं कोण म्हणतं गं? तू माझ्या घरून निघताना काय म्हणतेस? येते म्हणतेस. ही बाई तर आपल्याहून जुन्या वळणाची. तिच्या तोंडातून 'जाते' निघालं, म्हणजे ती पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही." वन्सं उठल्या. माझी पर्स त्यांनी माझ्याच गळ्यात अडकवली. "दोन बाटल्या चोरणाऱ्या बाईला एवढं लागत नाही. मालक, खोली बंद व्हायला किती वेळ आहे?"

"तासभर."

"मग तासभर कुणी कुठे जायचं नाही. सगळ्यांच्या पिशव्या बघू. सुरुवात आमच्यापासून."

मालकांना ते पटलं. मलाही पटलं. पटलं नाही ते आमच्या ह्यांना. ते एकदम म्हणाले, "ताई, हे काय भलतंच, आपण सभ्य माणसं." आणि त्यांनी आपली पिशवी पायानं स्टुलाखाली सरकवली.

पिशवीत किणकिण झाली. दोन बाटल्यांची.

३

पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या शर्टांची बटणं लावली, तो माणूस चोर निघाला तर काय करायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. मी स्टुलाला धरून उभी राहिले आणि स्टूलही हलत होतं.

वन्संनी पिशवी ओढली. स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या दोन बाटल्या निघाल्या. मालक झेपावले, पण बाटल्यांवर लाख नव्हती. साधी पत्र्याची झाकणं होती.

"द्राक्षाचा रस," वन्संनी वाचलं. "लहान मुलांसाठी उत्तम."

आमचे हे जमिनीकडे पाहू लागले. "मला ती वाइन नाही आवडत गं," ते मला म्हणाले, अगदी हळू. "आंबट लागते. सकाळपासून सगळी बादलीत टाकतोय. पोरानं एवढे पैसे भरलेत, त्याला कसं सांगायचं. म्हणून दुसऱ्या ठिकाणी गुपचूप हा घेतला."

"आणि ते अंग?"

"वाचलं होतं."

मला हसावं की मारावं ते कळेना. अकरा ग्लासांचा हिशोब माझा एकटीचाच होता तर. पण जिवात जीव आला, हे खरं.

उरले टिपणवाले. हे आमच्या आधीपासून काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसलेले गृहस्थ. लांब कोट, खिशाला तीन पेनं. प्रत्येक घोटानंतर थुंकून वहीत काहीतरी लिहायचे. दरवर्षी येतात म्हणे, आणि दरवर्षी आबांची एक बाटली विकत मागतात. त्या कोटात दोन बाटल्या काय, अख्खं खोकं मावलं असतं. मला तर त्यांच्याबद्दल खात्रीच पटली होती.

वन्संनी कोट मागितला नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही मघापासून वाकून काय हुंगताय?"

टिपणवाले कपाटाजवळ गुडघ्यावर बसले होते. "इथे सांडलीय," ते म्हणाले. "फळीच्या फटीत बघा. लाल वाइन. आजची नाही, वास पार उडालाय. दोन-तीन महिने तरी झाले असतील." मग मालकांकडे बघत त्यांनी कोट उलटा करून झटकला. एक रुमाल आणि कोरडी बिस्किटं पडली. "मागून मिळाली नाही म्हणून चोरणारा माणूस नाही मी. पण ही जी कुठली सांडलीय, तिच्यासाठी मला रडू येतंय."

मी वाकून पाहिलं. डाग मला कळतात. फळीत मुरलेला जांभळट-तपकिरी डाग, कडेनं घासलेला. कुणीतरी तो खूप घासला होता, पुन्हा पुन्हा. चोरी करणारा माणूस जमीन घासत बसतो का? आणि जमीन घासायला बसला, तर मग बाटली पळवली कोणी? माझं डोकं आता त्या ग्लासासारखं गोल गोल फिरू लागलं.

"सूनबाई," वन्सं म्हणाल्या, "तो 'पाच' तुम्ही लिहिलात ना?"

पोरगी पांढरी पडली.

४

"मी लिहिलं," सूनबाई म्हणाल्या. "कारण एक सापडली."

"कोणाला सापडली?"

"मावशींना. बाबा तेव्हा बाहेरगावी होते. मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या."

"काय म्हणाल्या? तुम्हाला काय कळलं ते नको. त्या काय बोलल्या ते सांगा. शब्द न शब्द."

सूनबाईंनी डोळे मिटले. "म्हणाल्या, आबांच्या कपाटातली एक वाढली. दादांना सांगा. बस, एवढंच. मला आनंद झाला. मी बाबांना फोन केला की आबांची एक बाटली वाढली. तेही खूश झाले. मग मी सगळ्या कागदांवर चारचे पाच केले."

"खरंय," मालक म्हणाले. "मला वाटलं, मागच्या फळीला एखादी राहिली असेल, झाडताना सापडली."

"आणि सांगताना मावशी कशा दिसत होत्या?"

"डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं... आनंदानं. आबांची आठवण येऊन. हाताला फडकं गुंडाळलं होतं, वेलीची कात्री लागली असेल असं वाटलं."

मी म्हटलं, "मग सरळ आहे. आधी चार, एक सापडली, पाच. मग कुणीतरी दोन लांबवल्या. त्यातली एक इथे सांडली." बोलून झाल्यावर मलाच ते वाकडं वाटलं. नवी बाटली सापडून जे माणूस आपण होऊन सांगतं, ते दोन का चोरेल? न सांगता ती नवीच ठेवून घेतली असती, तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

वन्सं म्हणाल्या, "मला एकच कोडं आहे. मेलेल्या माणसाच्या हातच्या वस्तू कमी होत जातात. वाढतात कधी?"

असं म्हणून त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. मीही त्यांच्यामागे, भिंतीला हात लावत.

मावशींची खोली म्हणजे एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. खाटेवर ट्रंक उघडी होती आणि त्या साड्या भरत होत्या. घडी अशी, की मीही इतकी सरळ घालत नाही. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. हाकलून दिलेल्या खोलीतही माणूस बसा म्हणतं, याचं मला फार वाईट वाटलं.

"इथे येण्याआधी काय करत होता?" वन्संनी विचारलं.

"बांगड्या भरायचे. वीस वर्षं. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार. आबांची बायको माझं गिऱ्हाईक. आबा म्हणाले, हिच्या हाताला काच कळते, हिला ग्लासांवर ठेवा. तेव्हापासून..." त्यांनी बोलणं तोडलं आणि साडीची घडी दाबली.

तेव्हा मला तो तळहात दिसला. अंगठ्याखाली तीन टाक्यांची खूण, अजून गुलाबी. टाके घालणारा घाईत होता. दोन टाक्यांत अंतर कमी-जास्त पडलं होतं. हे असलं मला दिसल्याशिवाय राहत नाही.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"काच."

"सूनबाईंना सांगितलंत तेव्हा रडत का होतात?" वन्सं म्हणाल्या.

मावशींनी वन्संकडे असं पाहिलं, जणू एखाद्या शहाण्या माणसानं येडपटासारखा प्रश्न विचारावा. "रडू नको? आबांची वस्तू. माझ्या हातून. दादांपुढं उभं राहायचं धाडस होईना, म्हणून सूनबाईंना सांगितलं. दादांनी एका शब्दानं बोल लावला नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन. आणि आज चारचौघांत दोन म्हणतात. एक माझी. ती दुसरी कुठून आणली त्यांनी?"

मी वन्संकडे वळले. मला वाटलं, आता तरी त्यांचाही गोंधळ झाला असेल. बाटली वाढली, तर ही बाई रडते का? आणि तिला बोल कसला लावायचा? पण वन्सं हसत होत्या. एक्सचेंजमध्ये चुकीची लाइन सापडली की हसत असाव्यात, तशा.

"मावशी, ट्रंक बंद करू नका," त्या म्हणाल्या. "किंवा असं करा, ट्रंक घेऊनच पाच मिनिटं काउंटरवर या. निघायचं तर पुढच्या दारानं निघा. चोरासारखं मागून कशाला?"

५

खोली बंद व्हायला दहा मिनिटं होती. मावशी ट्रंक घेऊन पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. मालकांनी तोंड फिरवलं होतं. टिपणवाल्यांनी वही मिटली होती. आमचे हे रसाची बाटली छातीशी धरून उभे होते.

"मालक," वन्सं म्हणाल्या, "मी सांगायच्या ऐवजी..."

आणि त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. मला वाटलं, आता या बाई सत्तराव्या वर्षी पिणार. त्यांनी तो काउंटरबाहेर धरला आणि सोडून दिला.

खळकन आवाज झाला. फरशीभर काच.

मावशींच्या हातून ट्रंक सुटली आणि त्या दोन पावलं पुढे आल्या. "वाढला हो ग्लास. पाय जपा."



"सूनबाई," वन्संनी हळूच विचारलं, "ग्लासाचं काय झालं?"

सूनबाई जमिनीकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. मग त्यांनी हात तोंडावर दाबला. "वाढला," त्या म्हणाल्या. "म्हणजे... फुटला."

मला भोवळच आली, आणि ती वाइनची नव्हती. माझी आई कधी 'बांगडी फुटली' म्हणाली नाही. अशुभ म्हणून 'वाढली'च म्हणायची. साठ वर्षं मला हे ठाऊक आहे आणि आज दुपारी दोनदा माझ्या कानावरून गेलं. मी मेली ग्लास भरून यायची वाट बघत बसले होते.

"वीस वर्षं बांगड्या भरलेली बाई काचेला 'फुटली' म्हणत नाही," वन्सं म्हणाल्या. "जीभच वळत नाही. चारातली एक फुटली, राहिल्या तीन. त्या तिथेच आहेत. सूनबाईंना 'वाढली' म्हणजे जास्त झाली एवढंच ठाऊक, म्हणून त्यांनी चारात एक मिळवली. झाल्या पाच. फुटली एक आणि कमी पडल्या दोन. मालक, तुम्हाला हा निरोप सूनबाईंकडून आला, म्हणून कळला नाही. ही दुसरी बाटली तुम्ही शोधताय ना, ती कधी नव्हतीच."

"पण मावशी," मालक म्हणाले, "मी विचारलं तेव्हा..."

"सांगितलं की मी. एक वाढली म्हणून."

खरंच सांगितलं होतं. सगळ्यांसमोर, स्पष्ट.

मावशींनी ट्रंक उघडली. साड्यांच्या तळातून एक पुडकं काढलं आणि फडकं सोडून काउंटरवर ठेवलं. बाटलीची मान होती, बूच तसंच आत, वर लाख.

"टाकवली नाही," त्या म्हणाल्या. "लाखेवर आबांचा अंगठा आहे."

टिपणवाल्यांनी चष्मा काढला. मालक खाली वाकले. लाखेत अंगठ्याचा ठसा होता, रेषान् रेष दिसणारा. त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला आणि लगेच उचलला, जणू परवानगी नव्हती. मग किल्ली उचलून त्यांनी दोन्ही हातांनी मावशींपुढे धरली.

"चुकलं माझं. तुमच्यावरचा विश्वास उलट वाढलाय माझा, मावशी."

"तो मघाशीच वाढला, मालक," मावशी म्हणाल्या.

मालकांचे हात तसेच राहिले. बाटली कुणी चोरली नव्हती, सगळं उलगडलं होतं, पण बाई तर निघालीच होती. तिनं फडकं पुन्हा गुंडाळलं, मान ट्रंकेत ठेवली, झाकण लावलं. वन्संकडे मी पाहिलं. त्यांच्याकडेही पुढचं काही नव्हतं. शब्दाचं कोडं त्यांनी सोडवलं होतं. शब्द लागलेल्या माणसाचं काय करायचं, ते एक्सचेंजमध्ये शिकवत नसावेत.

तेवढ्यात सूनबाई फरशीवर बसल्या. काही न बोलता काचा उचलू लागल्या, हातानं. गाल ओले झाले होते.

"अहो, हातानं नाही," मावशी ओरडल्याच. ट्रंक तिथेच टाकून त्यांनी सूनबाईंचं मनगट धरलं. "दोन जिवांच्या आहात आता तुम्ही. आधी केरसुणीनं मोठे तुकडे. मग ओल्या फडक्यानं बारीक. कपची दिसत नाही, पायात गेल्यावर कळते."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं," सूनबाई म्हणाल्या. "काचेचं पण, आणि तुमच्या शब्दांचं पण. माझ्यामुळे तुम्ही..."

"कुणाचं काय मुळे. धरा फडकं. असं."

दोघी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत राहिल्या. आम्ही पाय वर करून स्टुलांवर बसलो, शाळेतल्या पोरांसारखे. खोली बंद व्हायची वेळ होऊन गेली. आमचा ड्रायव्हर दारातून डोकावून गेला.

शेवटचं फडकं पिळून मावशी उठल्या. पदराला हात पुसले. मालक अजून किल्ली धरून उभे होते. मावशींनी त्यांच्या हातातून किल्लीचा दोरा उचलून गळ्यात घातला, ट्रंकेची एक कडी धरली आणि मागच्या दाराकडे वळल्या.

"येते," त्या म्हणाल्या.

सूनबाई घाबऱ्या होऊन वन्संकडे वळल्या. "म्हणजे... त्या जातायत की येतायत?"

मावशी दारात थांबल्या. दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"तुमचं कसं व्हायचं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "ट्रंक आत ठेवून येते. दादा, पलीकडची कडी धरा."